थ्री-नॉट-थ्री रायफलवरच्या खुणा कशा वाचायच्या? एका जुन्या ली-एनफिल्डची जन्मकुंडली

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एनसीसीत होतो. ड्रिलसाठी आम्हाला कोतमधून ज्या रायफली मिळायच्या, त्या सगळ्या जुन्या थ्री-नॉट-थ्री. वजन साधारण चार किलो, लाकूड काळवंडलेलं, आणि गोळी झाडता येऊ नये म्हणून कायमच्या निकामी केलेल्या. एका पावसाळी शनिवारी परेड रद्द झाली आणि हवालदार साहेबांनी सगळ्यांना रायफली पुसायला बसवलं. माझ्या रायफलीवरचं तेल आणि मळ निघाला, तेव्हा खाली एक मुकुट दिसला, 'जी आर' ही अक्षरं दिसली आणि त्याखाली आकडा होता: १९१७.

आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जाते. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते आणि मेसोपोटेमियात, कुतच्या वेढ्यात अडकले होते. त्यांचा एकही फोटो नाही, कागद नाही. आजी फक्त "बसऱ्याला गेले होते" एवढंच सांगायची. त्यामुळे १९१७ वाचल्यावर माझ्या डोक्यात काय आलं असेल, हे वेगळं सांगायला नको. साहेबांची परवानगी घेऊन मी रायफलीवरची प्रत्येक खूण वहीत उतरवून घेतली. त्या खुणांचा अर्थ लावायला मात्र पुढे बरीच वर्षं गेली.

आज त्याच वहीच्या आधाराने आपण पाहू, की जुन्या लष्करी रायफलीवरच्या खुणांवरून तिचा इतिहास कसा शोधतात, आणि त्या खुणा कुठे फसवतात.

आधी नाव समजून घेऊ

'थ्री-नॉट-थ्री' हे खरं तर काडतुसाचं नाव. नळीचा आतला व्यास ०.३०३ इंच, म्हणून .३०३. रायफलीचं नाव ली-एनफिल्ड. यातले 'ली' म्हणजे बोल्ट आणि मॅगझिनची रचना करणारे जेम्स पॅरिस ली, आणि 'एनफिल्ड' म्हणजे लंडनजवळचा सरकारी शस्त्र कारखाना.

आपल्याकडे सर्वात जास्त दिसणारं मॉडेल म्हणजे १९०७ साली आलेलं 'शॉर्ट ली-एनफिल्ड मार्क ३'. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर रायफली इतक्या प्रमाणात लागायला लागल्या की उत्पादन पुरेना. मग काही भाग काढून टाकले: मॅगझिन बंद ठेवणारी पट्टी (कट-ऑफ), लांबवर सामुदायिक गोळीबार करण्यासाठी बाजूला लावलेली व्हॉली साइट वगैरे. या सुटसुटीत आवृत्तीच्या नावापुढे एक चांदणी लागली आणि ती झाली 'मार्क ३ स्टार'. १९२६ मध्ये ब्रिटिशांनी नावांची पद्धतच बदलली आणि हीच रायफल 'नंबर १ मार्क ३' झाली.

हा बदल लक्षात ठेवा. एखाद्या रायफलीवर १९१७ साल असेल आणि 'नंबर १' असंही कोरलेलं असेल, तर ते 'नंबर १' नंतर कोणीतरी टाकलेलं आहे. १९१७ मध्ये ते नावच नव्हतं.

पहिली जागा: बट सॉकेट

बोल्टची मूठ जिथे खाली येते, त्याच्या मागे लाकडी दस्ता ज्या धातूच्या कड्यात बसतो, ते बट सॉकेट. मूळ जन्मदाखला इथेच, उजव्या बाजूला असतो. वरून खाली साधारण असा क्रम दिसतो: मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखाना, साल, मॉडेल.

राजाची आद्याक्षरं अशी वाचायची:

• व्ही आर: राणी व्हिक्टोरिया, जानेवारी १९०१ पर्यंत
• ई आर: सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०
• जी आर: पाचवा जॉर्ज, १९१० ते १९३६, आणि सहावा जॉर्ज, १९३६ पासून पुढे
• जी आर आय: भारतातल्या ईशापूर कारखान्याची खूण. शेवटचा 'आय' म्हणजे लॅटिन 'इंपेरातोर', सम्राट. इंग्लंडमध्ये राजा असलेला माणूस इथे सम्राट होता!

जॉर्ज दोन झाले, त्यामुळे नुसत्या 'जी आर'वरून काळ ठरत नाही, खालचं साल पाहावंच लागतं. प्रजासत्ताकानंतरच्या ईशापूर रायफलींवर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले आणि 'आर एफ आय', म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूर, ही अक्षरं आली.

कारखान्यांची नावं:

• एनफिल्ड: सरकारी कारखाना
• बी एस ए: बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. हो, मोटरसायकलवाली तीच कंपनी. तिच्या बोधचिन्हात रचून ठेवलेल्या तीन रायफली होत्या
• एल एस ए: लंडन स्मॉल आर्म्स
• लिथगो: ऑस्ट्रेलिया
• ईशापूर: पश्चिम बंगाल, हुगळीच्या काठी

माझ्या वहीतली नोंद होती: मुकुट, जी आर, बी एस ए, १९१७, शॉर्ट एल ई, ३ स्टार. म्हणजे पाचव्या जॉर्जच्या काळात, युद्धाच्या ऐन धामधुमीत बर्मिंगहॅममध्ये बनलेली रायफल. साल, राजा, मॉडेल आणि कंपनी, चारही गोष्टी एकमेकींशी जुळतात. इथवर सगळं ठीक.

दुसरी खूण: बाण

ब्रिटिश सरकारी मालमत्तेवर तीन रेघांचा एक बाण असतो, त्याला ब्रॉड अ‍ॅरो म्हणतात. बाणासोबतचं अक्षर पाहिलं की रायफल कोणाच्या हवाली होती ते कळतं:

• बाण आणि आय: हिंदुस्थान सरकार
• बाण आणि डी: ऑस्ट्रेलियाचं संरक्षण खातं
• सी या अक्षराच्या पोटात बाण: कॅनडा
• बाण आणि यू: दक्षिण आफ्रिका, तेव्हाचं 'युनियन'
• बाण आणि एन झेड: न्यूझीलंड

दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील, तर त्याचा अर्थ 'सरकारने ही वस्तू विकून टाकली'. लष्करी नोकरी संपली, इथून पुढे खासगी मालक.

माझ्या रायफलीवर 'आय'वाला बाण होता. म्हणजे जन्म बर्मिंगहॅमचा आणि नोकरी हिंदुस्थानची. पण ती इथे कधी आली? १९१७ मध्ये की १९३० मध्ये? बाणावर तारीख नसते. ही अडचण पुढे पुन्हा येणार आहे.

तिसरी गोष्ट: नंबर जुळतात का?

प्रत्येक रायफलीला अनुक्रमांक असतो. तो एकाच ठिकाणी नसून अनेक भागांवर टाकलेला असतो: रिसीव्हरचा पुढचा भाग, नळी, बोल्टच्या मुठीचा मागचा भाग, मागच्या साइटची पट्टी, पुढची टोपी (नोजकॅप), आणि पुढच्या लाकडाची आतली बाजू. सगळीकडे एकच नंबर असेल तर सगळे भाग जन्मापासून एकत्र आहेत. संग्राहक याला 'मॅचिंग' म्हणतात आणि त्याचे जास्त पैसे मोजतात.

यात फक्त हौस नाही, सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. गोळी सुटते तेव्हाचा धक्का बोल्टच्या दोन खुंट्या झेलतात. त्या खुंट्या रिसीव्हरमध्ये नीट टेकाव्यात म्हणून कारखान्यात प्रत्येक बोल्ट त्या त्या रायफलीला हाताने बसवला जाई. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट घातला तर तो आत जाईलही, पण काडतूस आणि बोल्टमधलं अंतर बिघडू शकतं. ते अंतर वाढलं तर काडतुसाचं पितळ फाटण्याचा धोका असतो.

म्हणून सैन्यात बोल्ट बदलला की जुना नंबर रेघ मारून खोडायचे आणि रायफलीचा नंबर नव्याने ठोकायचे. खोडलेला नंबर तसाच वाचता येतो. आमच्याकडे कोडमध्ये बदल केला की जुनी नोंद मागे राहते, तसंच हे. मला ही पद्धत फार आवडली, कारण दुरुस्ती लपवलेली नाही, उघड नोंदवलेली आहे. याउलट जुना नंबर घासून सपाट केलेला दिसला, किंवा अंकांचं वळण बाकीच्या अंकांपेक्षा वेगळं दिसलं, तर शंका घ्या. किंमत वाढवण्यासाठी कोणीतरी नंबर 'जुळवलेला' असू शकतो.

माझ्या रायफलीच्या बोल्टवर एक नंबर खोडलेला होता आणि शेजारी दुसरा होता. तो रिसीव्हरशी जुळत होता.

चौथी गोष्ट: नळीचं वय वेगळं असतं

नळी झिजते. हजारो गोळ्यांनंतर आतले आटे घासले जातात, मग नळी बदलतात. नळीच्या मागच्या जाड भागावर, डाव्या बाजूला, तिच्या सालाचे दोन आकडे असतात. बट सॉकेटवर १९१७ आणि नळीवर १७ असेल तर नळी मूळची.

माझ्याकडची नोंद: ४२.

म्हणजे दुसऱ्या महायुद्धात या रायफलीला नवी नळी मिळाली होती. तोपर्यंत ती निवृत्त झाली नव्हती. पंचवीस वर्षांची झाल्यावर तिला पुन्हा कामाला जुंपलं होतं.

मोठ्या दुरुस्तीच्या आणखी काही खुणा असतात. 'एफ टी आर' आणि साल, म्हणजे कारखान्यात पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती. पुढच्या लाकडात आरपार गेलेला एक आडवा स्क्रू, ही ईशापूरची ओळख. लाकूड फाटू नये म्हणून तिथे तो बसवत, त्यामुळे अक्षरं न वाचताही रायफल ईशापूरच्या हाताखालून गेल्याचं कळतं. माझ्या रायफलीला तो स्क्रू होता.

रिसीव्हरवर '.४१०' दिसलं तर ती आणखी वेगळी गोष्ट. पहारा आणि पोलिसी कामासाठी काही .३०३ रायफली ईशापूरमध्ये एकेका गोळीच्या मस्केटमध्ये बदलल्या गेल्या. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा घालायचे. आणि '७.६२ एम एम २ए' किंवा '२ए१' असेल तर ती ली-एनफिल्डसारखी दिसली तरी १९६२ च्या चीन युद्धानंतरची, वेगळ्या काडतुसाची, ईशापूरमध्येच बनलेली नवी रायफल आहे.

शेवटी 'डी पी', म्हणजे ड्रिल पर्पज. फक्त कवायतीसाठी. ही खूण म्हणजे शस्त्राचा निवृत्तीचा आदेश. अशी रायफल कधीही झाडायची नसते.

खुणा खोटं बोलतात तेव्हा

आता सगळ्यात रंजक भाग. तीन प्रकारे फसगत होते.

पहिला प्रकार: खूण खरी, अर्थ चुकीचा. दुसऱ्या महायुद्धातल्या काही 'नंबर ४' ली-एनफिल्डवर इंग्रजीत 'अमेरिकेची मालमत्ता' असं कोरलेलं आहे. पाहणाऱ्याला वाटतं, अमेरिकन सैनिकांनी वापरली असेल. मुळात या रायफली अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीने ब्रिटनसाठी बनवल्या, दहा लाखांहून जास्त. १९४१ च्या लेंड-लीज कायद्याखाली त्या ब्रिटनला 'उसन्या' दिल्या होत्या, म्हणून कागदोपत्री मालक अमेरिका. अमेरिकन सैन्याची ती रायफल कधीच नव्हती. त्यांच्या अनुक्रमांकात 'सी' हे अक्षर असतं, कारखान्याच्या गावावरून, चिकोपी फॉल्स.

दुसरा प्रकार: नंतरची खूण. ब्रिटनमध्ये सरकारी रायफल नागरी बाजारात विकायची तर आधी तिची दाबचाचणी व्हायची. त्याच्या खुणा नळीवर असतात: '.३०३', '२.२२२ इंच' (काडतुसाच्या कवचाची लांबी) आणि '१८.५ टन' (प्रति चौरस इंच दाब). हे आकडे लष्करी नाहीत, व्यापारी आहेत. काही लिथगो आणि ईशापूर रायफलींवर 'इंग्रजी बनावटीची नाही' असंही लिहिलेलं सापडतं. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानंतर आयातदाराचं नाव टाकणं बंधनकारक झालं, म्हणून तिथल्या सरप्लस रायफलींवर एखाद्या गावाचं आणि दुकानाचं नाव दिसतं. या सगळ्या खुणा मिळून रायफल सैन्यातून बाहेर कशी पडली ते सांगतात.

तिसरा प्रकार: चक्क नकली. पेशावरजवळच्या दर्रा आदमखेल भागातले कारागीर पिढ्यानपिढ्या हाताने बंदुका बनवत आले आहेत. खरी रायफल समोर ठेवून ते हुबेहूब नक्कल करतात, खुणांसकट. पण इंग्रजी लिपी वाचता येत नसेल तर अक्षर म्हणजे नुसतं चित्र. मग 'एनफिल्ड'मधला 'एन' उलटा पडतो, स्पेलिंग चुकतं, आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे व्हिक्टोरियाच्या 'व्ही आर'खाली १९०१ नंतरचं एखादं साल. राणी वारल्यावर तिच्या नावाने रायफल बनेल कशी? अफगाणिस्तानात गेलेल्या कित्येक परदेशी सैनिकांनी अशा रायफली आठवण म्हणून विकत घेतल्या आणि घरी नेऊन भिंतीवर लावल्या.

आमच्या कामात एक साधा नियम आहे: एका ठिकाणून आलेल्या डेटावर विश्वास ठेवू नका, दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणाशी ताडून पाहा. इथेही तेच. एक खूण म्हणजे नुसता दावा. राजा, साल, मॉडेल, कारखाना, नळी, लाकूड या सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली, तर तो पुरावा.

मग माझ्या रायफलीचं काय ठरलं?

वहीतल्या नोंदी ओळीने लावल्या तर चरित्र असं होतं. १९१७ मध्ये बर्मिंगहॅमला बी एस ए कारखान्यात जन्म. पुढे केव्हातरी हिंदुस्थान सरकारच्या ताब्यात. मध्ये कधीतरी दुसऱ्या एका रायफलीचा बोल्ट हिच्यात आला. १९४२ ची नवी नळी. पुढचं लाकूड ईशापूर पद्धतीचं. शेवटी 'डी पी' आणि आमच्या कॉलेजची कोत.

आणि पणजोबा? कुतचा वेढा संपला २९ एप्रिल १९१६ रोजी. जनरल टाउनशेंड यांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनने त्या दिवशी शरणागती पत्करली. त्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. माझी रायफल बनली त्यानंतरच्या वर्षी. पणजोबा कुतमध्ये होते ही गोष्ट खरी असेल, तर ही रायफल त्यांच्या हातात तिथे असणं शक्यच नाही. एका चार आकडी सालाने माझी सगळी कहाणी मोडून काढली.

आणखी एक गोष्ट कळली. रायफल कोणत्या पलटणीकडे होती हे धातूवर सहसा नसतंच. ते असायचं दस्त्यावर बसवलेल्या एका पितळी चकतीवर. पलटणीचं नाव आणि तिथला नंबर त्या चकतीवर कोरत. महायुद्धात काम वाचवण्यासाठी ही चकती बंद केली गेली, आणि जिथे होती तिथलाही दस्ता तुटला की चकती लाकडाबरोबर गेली. माझ्या रायफलीला चकती नव्हतीच. म्हणजे कोणी बनवली, कोणी दुरुस्त केली, कोणाच्या मालकीची, हे सगळं लोखंडात राहिलं. ती खांद्यावर घेऊन कोण चाललं, तेवढंच राहिलं नाही.

तुम्हाला अशी रायफल पाहायला मिळाली तर

भारतात .३०३ हे प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, त्यामुळे परदेशासारखी सरप्लस रायफल विकत घेणं वगैरे विचार सोडून द्या. पण संग्रहालयात, एनसीसीत किंवा परदेशी राहणाऱ्या नातेवाइकाकडे ती दिसू शकते. तेव्हा:

• ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी घ्या. रायफल रिकामी आहे याची खात्री त्यांच्याकडूनच करून घ्या.
• सँडपेपर, तारेचा ब्रश, गंज काढायचं रसायन अजिबात नको. खूण एकदा घासली गेली की संपली. मऊ फडकं आणि थोडं तेल पुरे.
• टॉर्च समोरून न मारता बाजूने, तिरपी धरा. सावलीत पुसट अक्षरंही उठून दिसतात.
• प्रत्येक खुणेचा जवळून एक आणि लांबून एक फोटो घ्या. खूण कुठल्या भागावर आहे हे कळलं नाही तर अर्थ लागत नाही.
• जे दिसतं तेच लिहा. अर्धं अक्षर दिसत असेल तर अर्धंच लिहा, अंदाजाने पूर्ण करू नका.
• अर्थ लावणं शेवटी. आधी गोष्ट ठरवून मग खुणा शोधल्या, तर हवी ती खूण सापडतेच.

शेवटचा नियम मी स्वतः मोडला होता, म्हणून सांगतोय.

मागच्या दिवाळीत मी आईबाबांना ही वही दाखवली. आई म्हणाली, "म्हणजे ती पणजोबांची नव्हती तर." मी म्हटलं, नव्हती. बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग त्यांची पलटण कुठली होती ते तरी शोध." १०३, ११० की ११७, हे अजून मला माहीत नाही. वहीतलं पुढचं पान त्यासाठी कोरं ठेवलंय.